निळा कप, पिवळी बशी

एके काळी दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या एका शहराची सगळ्या महाराष्ट्राने यथेच्छ टिंगल केली. पुढे उशी आली आणि सगळा महाराष्ट्रच दुपारी एक ते चार बंद राहू लागला. मग टिंगल करायला कुणी जागंच उरलं नाही.

साताऱ्यात वृषाली साळुंखे आणि तिचा नवरा मिलिंद यांचं चष्म्याचं दुकान होतं. दीड वाजला की मिलिंद अर्धं शटर ओढायचा आणि वृषाली मागच्या खोलीत जाऊन कपाळावर पट्टी बांधायची. मिलिंद मात्र दुकानातच बाकड्यावर आडवा व्हायचा, बिनपट्टीचा, बिनउशीचा. "मी आपली घरची झोप झोपतो बाबा," तो म्हणायचा. "बाहेरचं मला पचत नाही."

उशीचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस जागेपणातून झोपेत शिरतो तेव्हा मध्ये एक उंबरठा लागतो. तिथे डोळे मिटलेले असतात, कान अजून उघडे असतात आणि मेंदूने स्वतःहून चित्रं काढायला सुरुवात केलेली असते. एरवी हा उंबरठा आपण काही मिनिटांत ओलांडतो आणि पलीकडे गाढ झोपेत पडतो. नव्या पट्टीने एवढंच केलं, की मेंदूच्या लहरी वाचत माणसाला त्या उंबऱ्यावर बसवून ठेवलं. तो पलीकडे घसरायला लागला की उशी हलकेच थरथरून त्याला मागे ओढायची, आणि जागा व्हायला लागला की संथ गुणगुणून पुढे ढकलायची. असा तो तासभर तिथे बसायचा, आणि तेवढ्या वेळात कवटीच्या हाडातून, त्याच्या कानांनाही पत्ता लागू न देता, उशी त्याला छोटी छोटी वाक्यं सांगायची. 'विहिरीवर दोन बहिणी उभ्या आहेत.' बस, एवढंच.

विहीर कशी होती, ऊन होतं की सावली, बहिणींच्या अंगावर काय होतं, हे उशी सांगत नसे. ते सगळं ज्याचा त्याचा मेंदू घरच्या मालातून उभं करी. रात्रीच्या झोपेत हे जमायचं नाही, कारण दिवसभराचा थकलेला माणूस उंबऱ्यावर टिकतच नाही. दुपारची झोप मुळातच अर्धवट, आणि आपल्याकडे तर तिला जेवणाइतकाच मान. त्यामुळे उशी आली ती दुपारीच आली आणि वर्षभरात भिंतीवरचे टीव्हीचे पडदे धूळ खात पडले.

या उशीवरची सगळ्यात गाजलेली मालिका म्हणजे 'दोन दारांचं घर'. गोष्ट साधीच. एक घर, त्याला एक पुढचं दार आणि एक मागचं. घरात म्हातारे अप्पा आणि त्यांच्या दोन मुली, इंदुमती आणि शरयू. एके दिवशी इंदुमती मागच्या दाराने निघून जाते. का जाते, ते उशी कधीच सांगत नाही. पुढे अप्पा आजारी पडतात, तरी ती येत नाही. शरयू सगळं निभावते. झालं. एवढ्या भांडवलावर कंपनीने दोन वर्षं लोकांना झोपवलं, कारण न सांगितलेलं कारण शोधण्यात माणूस जितका रमतो तितका सांगितलेल्या कारणात कधीच रमत नाही.

आता स्वप्नाचं एक असतं. जाग आली की ते हातातल्या बर्फासारखं विरघळायला लागतं. म्हणून उठल्या उठल्या कुणाला तरी सांगावं लागतं, आणि त्यासाठी 'चारचा चहा' नावाचा ग्रुप होता. हजारो माणसं, सगळी टोपणनावाने, आणि टोपणनाव खाण्याच्या पदार्थाचंच असलं पाहिजे असा दंडक. वृषाली तिथे 'आमसूल' होती. ग्रुप चालवणारे गृहस्थ 'कडक चकली'. सगळं आयुष्य त्यांनी कोर्टात न्यायाधीशांसमोर बसून साक्षी लिहून घेण्यात घालवलं होतं, आणि निवृत्तीनंतर ती सगळी शिस्त त्यांनी इंदुमतीवर लावली होती.

त्यांचा पहिला नियम तिघांचा. एखादी गोष्ट तीन माणसांनी एकमेकांना न विचारता पाहिली असेल, तर ती 'मूळ', म्हणजे उशीने सांगितलेली. एकट्याने पाहिली असेल तर ती 'भर', म्हणजे ज्याच्या त्याच्या डोक्यातली. इंदुमतीबद्दल काहीही सिद्ध करायचं तर मूळच धरायचं, भर कितीही गोड असली तरी बाजूला ठेवायची. उशीची वाक्यं जागेपणी कुणालाच आठवत नसत, त्यामुळे याशिवाय दुसरा उपाय नव्हता.

दुसरा नियम त्याहून कडक. चेहरा विचारायचा नाही. मेंदूला म्हणे नवा चेहरा घडवायचा कंटाळा असतो. तो आपला ओळखीतलाच कुणाचा तरी उचलतो आणि पात्राला चिकटवून देतो. सुरुवातीच्या काळात एका बाईंनी भाबडेपणाने सांगितलं, की त्यांच्या नायकाला समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांचा चेहरा आहे. ते गृहस्थ ग्रुपमध्येच होते, आणि त्यांची बायकोही. त्या सोसायटीत पुढे पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा भांडणं झाली. तेव्हापासून, जो कुणी कुणाला 'तुमच्याकडे अमक्याचा चेहरा कुणाचा?' असं विचारील, त्याला चकली तत्क्षणी बाहेर काढत.

वृषालीच्या स्वप्नात इंदुमतीला चैतालीचा चेहरा होता.

चैताली तिची धाकटी बहीण. दहा-अकरा वर्षं दोघी बोलत नव्हत्या. आई कऱ्हाडच्या घरात सहा महिने अंथरुणाला खिळली होती, आणि त्या सहा महिन्यांत चैताली नागपूरहून एकदाही आली नाही. फोनवर 'येते, येते' म्हणत राहिली. आली ती आई गेल्यावर. तेराव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना वृषाली तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "पाहुण्यासारखी आलीस, आता पाहुण्यासारखीच जा." चैतालीने वर पाहिलं, आणि पुढच्या खोलीत माणसं होती म्हणून मागच्या दाराने निघून गेली. दोघींपैकी कुणीही पुन्हा फोन केला नाही. सुरुवातीला रागाने, मग संकोचाने, आणि पुढे पुढे तर सवयीनेच.

म्हणून पहिल्या आठवड्यात स्वप्नातल्या मागच्या दाराशी चैताली उभी दिसली, तेव्हा वृषाली दचकून जागी झाली होती. पण दुसऱ्या दिवशी दीड वाजायच्या आधीच ती आत गेली. मिलिंदला तिने हे कधी सांगितलं नाही. रोज तासभर बहीण दिसायची. हिरव्या काठाच्या साडीत विहिरीवरून पाणी आणायची, परसात वाळवण राखत बसायची, कधी नुसतीच पायरीवर बसून असायची. वृषालीने तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, की उशी थरथरायची आणि सगळं पुसट व्हायचं. बघायचं तेवढं होतं.

आणि चार वाजता चहाचा कप हातात घेऊन वृषाली इंदुमतीची वकिली करायची. इंदुमती का गेली असेल याची तिने नाना कारणं काढली. तिला म्हणे अप्पांनीच जायला सांगितलं असेल. ती म्हणे स्वतः आजारी असेल आणि कुणाला सांगत नसेल. "जाताना ती मागचं दार ओढून घेत नाही, नुसतं लोटून जाते," वृषालीने एकदा लिहिलं. "जिला परत यायचं नसतं ती कडी लावून जाते." या वाक्यावर सात जणांनी साक्ष दिली, दार नुसतं लोटल्याचं मूळ म्हणून मान्य झालं, आणि आमसूल हे नाव ग्रुपमध्ये दबदब्याने घेतलं जाऊ लागलं.

तिच्या विरोधात सगळ्यात जोरात कोण असेल तर ती 'शेवयांची खीर'. नाव गोड, पण बाईची जीभ भलती तिखट. "कारणं काढणारे पुष्कळ असतात," खीर लिहायची. "आजारी माणसाजवळ जी गेली नाही ती गेली नाही. इंदुमतीला माफी नाही. तिनेही मागू नये आणि कुणी देऊही नये." दोन वर्षं या दोघींची जुगलबंदी वाचायला लोक चहा गार होऊ देत होते.

मग मालिका संपत आली, आणि कपबशीचं प्रकरण घडलं.

त्या दिवशी भाग असा होता, की घर सोडायच्या आदल्या दुपारी इंदुमती झोपायला जाते. उशीने बहुधा एवढंच सांगितलं असावं. वृषालीच्या स्वप्नात चैतालीने शरयूशेजारी चटई पसरली. मग हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या, कान तुटलेल्या एका निळ्या कपात ठेवल्या आणि वर बशी पालथी घातली. झोपेत कूस बदलताना बांगड्या वाजून शेजारचीची झोप मोडू नये म्हणून. वृषालीला जाग आली तेव्हा तिच्या उशीचा अभ्रा ओला होता. का, ते तिला कळलं नाही, आणि त्याच भरात तिने ते सगळं ग्रुपवर लिहिलं. "जी बाई दुसरीची झोप मोडू नये म्हणून बांगड्या काढून ठेवते, तिला तुम्ही स्वार्थी म्हणता?"

चकलींनी रिवाजाप्रमाणे पुकारा केला. कप कुणी पाहिला? कुणीच नाही. कुणाच्या इंदुमतीने केस सोडले होते, कुणाच्या इंदुमतीने पंखा लावला होता. बांगड्या कुणी काढल्याच नव्हत्या. "भर," असा निकाल देऊन चकली पुढे जाणार, तेवढ्यात खीर लिहिती झाली.

"कप निळाच होता. बशी पिवळी. दुसऱ्या सेटमधली."

वृषालीने बशीचा रंग लिहिलाच नव्हता.

ग्रुपमध्ये नुसता धुरळा उडाला. एकाने पाहिलं तर भर, तिघांनी पाहिलं तर मूळ, पण दोघांनीच पाहिलं तर काय? चकलींच्या घटनेत याला कलमच नव्हतं. आळूवडी म्हणाली, कंपनी निवडक उशांना गुपचूप जास्तीची वाक्यं सांगते. थालीपीठ म्हणालं, कपात बांगड्या म्हणजे इंदुमती विधवा होणार, हा पुढच्या भागाचा इशारा आहे. कुणी निळ्या रंगाचा अर्थ लावला, कुणी पिवळ्याचा. चार दिवस लोकांना दुसरा विषय नव्हता.

वृषाली मात्र दुकानातल्या स्टुलावर बसून होती आणि हातातली फ्रेम पुसता पुसता थांबली होती. तो कप कऱ्हाडच्या घरातला होता. दुपारी दोन्ही लेकींना कुशीत घेऊन आडवं होण्याआधी आई हातातल्या बांगड्या त्यात ठेवायची आणि वर पिवळी बशी घालायची. तो किण् असा आवाज झाला, की समजायचं आता दुपार झाली. कप केव्हाच फुटला होता, बशीचंही काही राहिलं नव्हतं, आईही नव्हती. तो कप पाहिलेली जगात दोनच माणसं उरली होती.

"अहो," तिने मिलिंदला हाक मारली. "ती खीर म्हणजे आपली चैतू आहे."

मिलिंदने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. इंदुमतीच्या चेहऱ्याचंसुद्धा. थोडा वेळ त्याने डोकं खाजवलं.

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही दोघी रोज भांडताय," तो म्हणाला. "आणि मी म्हणतोय, ही हल्ली इतकी खूश कशी!"

"थट्टा नका करू हो."

"नाही करत. पण मग आता अडलंय काय? लिही की तिला, मी ताई बोलतेय म्हणून."

अडलं होतं ते चेहऱ्यापाशी. खीर इंदुमतीला माफी नाही म्हणत होती, रोज, दोन वर्षं, दात-ओठ खाऊन. चैतालीच्या स्वप्नात त्या इंदुमतीला कुणाचा चेहरा होता? वृषालीचा असेल, तर ते सगळे शब्द वृषालीसाठीच होते. भरल्या घरात बहिणीला हाकलणाऱ्या बाईसाठी. मग दारात जाऊन उभं राहण्यात काही अर्थ नव्हता. आणि चैतालीचा स्वतःचाच असेल, तर? तर ती पोरगी दोन वर्षं रोज दुपारी स्वतःलाच शिक्षा सुनावत होती, आणि आपण शेजारी बसून चहा पीत होतो. वृषालीला यातलं कुठलं जास्त वाईट, ते ठरवता येईना.

खीरही त्या दिवसापासून गप्प होती. म्हणजे तिलाही कळलं होतं.

शेवटचा भाग जाहीर झाला. कंपनीने आपल्या परीने मोठा चमत्कार केला होता. शेवटच्या भागात उशी एकच वाक्य सांगणार होती: 'दार वाजलं.' पुढचं दार की मागचं, कोण आलं, शरयूने उघडलं की नाही, काहीच सांगायचं नाही. ज्याचं त्याने बघायचं. चकली संतापले. "हा निकाल न देता कोर्ट उठण्याचा प्रकार आहे," त्यांनी लिहिलं. "तीन साक्षीदार एका गोष्टीवर येणारच नाहीत. सगळीच भर. मूळ काही नाहीच."

त्या गदारोळात वृषालीने लिहिलं, "खीर, तुमच्याकडे इंदुमतीला चेहरा कुणाचा आहे?"

चकलींचा निरोप आला, "आमसूलताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. फार वाईट वाटतं आहे, पण नियम तो नियम." आणि तिच्यासमोरचा सगळा चहा एकदम नाहीसा झाला.

मिलिंदने आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपमध्ये पाऊल ठेवलं, 'साधा भात' या नावाने. परत येऊन बायकोसमोर बसला.

"काय म्हणाली?"

"काही नाही. तुझ्यापाठोपाठ तीही बाहेर पडली. कुणी काढलं नाही तिला, आपणहून गेली." मग म्हणाला, "वृषा, मी परवा तुझ्या मामेभावाला फोन केलावता. चैताली आता नागपूरला नसते. सांगलीला आलीये, वर्ष झालं. विश्रामबागेत. पत्ता घेऊन ठेवलाय मी."

सांगली! साताऱ्याहून नाश्ता करून निघालं तर जेवायला पोहोचावं इतकी जवळ. वृषालीने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या घरच्या झोपेबद्दल तिला एकाएकी फार आदर वाटला.

शेवटच्या भागाच्या दिवशी सकाळी ती एसटीत बसली. पिशवीत कंदी पेढे होते. पट्टी आणि उशी घरीच राहिली होती. काय बोलायचं ते तिने मनात जुळवायला घेतलं, पण कऱ्हाड मागे पडलं तशी खिडकीतून ऊन मांडीवर आलं, आणि कुणी न झोपवता तिचा डोळा लागला. किती दिवसांनी लागला होता असा. स्वप्नात विहीर नव्हती, इंदुमती नव्हती. आई होती. ती चटईवर बसून बांगड्या काढत होती आणि एक बांगडी काही केल्या निघत नव्हती. "साबण आण गं," आई म्हणाली. पण हे दोघींपैकी कुणाला म्हणाली ते कळायच्या आत गाडी सांगलीच्या स्टँडात शिरली.

दोन वाजायला आले होते. रिक्षावाल्याने तिला गल्लीच्या तोंडाशी सोडलं, भाडं घेतलं आणि तिथेच सीट आडवी करून कपाळाला पट्टी बांधली. "शेवटचा भाग हाय," तो ओशाळून म्हणाला.

वृषाली गल्लीत शिरली. सगळं गाव उंबऱ्यावर बसलं होतं. दारं लोटलेली, खिडक्यांचे पडदे एका लयीत हलणारे, आणि घराघरातून उशांचं ते बारीक गुणगुणणं येत होतं, दूर कुठे मधमाश्या असाव्यात तसं. फाटकावर जास्वंद फुलली होती. एक कुत्रं सावलीत पसरलं होतं, त्याने एक डोळा उघडून हिच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. या प्रत्येक भिंतीआड कुणी ना कुणी त्या एका वाक्याची वाट बघत पडलं होतं. त्या सगळ्यांच्या स्वप्नांतून आपण चालत चाललोय असं तिला वाटलं, आणि तिने नकळत पावलं हळू टाकली.

घर सापडलं. बैठं, कौलारू नाही, साधं स्लॅबचं. पुढे दार होतं आणि बाजूने एक बोळ मागे जात होता. वृषाली पुढच्या दाराशी उभी राहिली. मग तिने बोळाकडे पाहिलं, पदर सावरला आणि मागच्या बाजूला गेली. जिथून माणूस गेलं तिथेच जाऊन आणावं लागतं, असं काहीसं तिच्या मनात होतं. मागे धुण्याचा दगड होता, तुळस होती. दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नव्हती.

ते ढकलून सरळ आत जाता आलं असतं. पण तिने वाजवलं.

आत काही हललं. पावलं आली, अडखळत, भिंतीला हात लावत. दार उघडलं.

चैतालीच्या कपाळावर पट्टी तशीच होती. डोळे अर्धे मिटलेले. केस पांढरे व्हायला लागले होते, तसे ते स्वप्नात कधी दिसले नव्हते. ती वृषालीकडे बघत राहिली, झोपेत बघतात तसं, घाई न करता.

"मूळ?" तिने हळूच विचारलं. "का भर?"

एसटीत जुळवलेलं सगळं वृषाली विसरून गेली. "काय माहीत," ती म्हणाली. "मीही एकटीच बघतेय."

चैताली झोपेतल्या जड आवाजात बोलायला लागली. "तू विचारलंस ना, चेहरा कुणाचा म्हणून. ती पाठमोरी निघायची तोवर मी असायचे. आणि दाराशी वळून बघायची ना ताई, तेव्हा तू असायचीस. रोज. माफी नाही म्हणून लिहायचे आणि मला कळायचंच नाही, कुणाला नाही म्हणतेय."

"माझ्याकडे पहिल्यापासून तूच होतीस," वृषाली म्हणाली. "नाहीतर मी कशाला भांडले असते इतकी?"

"आईच्या वेळेला मी का आले नाही, ते—"

"सांग. पण नंतर सांग. दोन वर्षं मी तुझ्यासाठी इतकी कारणं शोधलीत चैतू, की खरं कारण त्यांच्यापुढे अगदी किरकोळ निघेल. निघू दे. मी तुला सगळ्यांसमोर घालवलं, त्याला तर काही कारणच नव्हतं."

चैतालीने हात पुढे केला आणि वृषालीच्या मनगटाला बोटं लावली. बांगडी वाजली. ती घाबरल्यासारखी थांबली, आवाजाने जाग येईल म्हणून.

"दोघींनीच पाहिलं तर धरायचं नाही," ती पुटपुटली. "चकली म्हणतात. दोघींचं काही खरं नसतं."

वृषालीलाही आता खात्री वाटेनाशी झाली होती. ऊन फार स्वच्छ होतं, तुळशीचं पानही हलत नव्हतं, आणि उशीचं ते गुणगुणणं आतून येतच होतं. अजून आपण एसटीतच असू, किंवा दुकानाच्या मागच्या खोलीत, आणि आता सगळं पुसट व्हायला लागेल, असं वाटून तिने बहिणीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात आतल्या खोलीत खाट करकरली.

"चैताली, अगं दार कुणी वाजवलं?" म्हाताऱ्या माणसाचा चिडका आवाज आला. "झोपू म्हणून देत नाहीत मेले. माझा चष्मा कुठं ठेवलायस?"

चैतालीच्या सासूबाई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या कपाळावर पट्टी नव्हती, ती त्यांनी आयुष्यात बांधली नव्हती. दाराशी येऊन त्यांनी डोळे बारीक केले, एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा बाहेर उन्हात उभ्या असलेल्या बाईकडे, आणि पुन्हा सुनेकडे.

"ही तुझी बहीण का गं?" त्या म्हणाल्या. "चष्म्यावाचूनसुद्धा कळतंय की. तोच चेहरा! मग बाहेर काय उभी केलीस तिला? आत घे आधी, पाणी दे."

चैतालीने सासूबाईंकडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"तिघी झाल्या, ताई," ती म्हणाली, आणि कपाळावरची पट्टी सोडली.